कॉम्प्युटरवरचं कुंकू

१९९८ साली मी बावन्न वर्षांचा होतो. हैदराबादच्या गौलीगुड्यातली माझ्या बरोबरीची माणसं तेव्हा नातवंडांना घेऊन संध्याकाळी बागेत बसायला लागली होती. मी मात्र लोकांच्या घरी जाऊन, चपला दाराशी काढून, कॉम्प्युटरचे डबे उघडत होतो. शिक्षण चौथी. पाचवीत मास्तरांनी घातलं नाही आणि मीही पुन्हा विचारायला गेलो नाही. त्याचं मला काही वाटत नाही. मास्तरांना वाटलं असेल तर ते त्यांचं त्यांनी बघावं.

अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, दत्तोबा, तुमच्या धंद्यातलं लिहा, पण सगळं जन्मापासून नको. म्हटलं बरं. जन्म सोडून देतो.

आधी मी रेडिओ दुरुस्त करायचो, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही. सरकारनं बाहेरच्या मालाला दार उघडलं आणि बघता बघता आबिड्सच्या गल्ल्यांमधून रेडिओचे सुटे भाग गायब झाले. रेडिओ घेऊन कुणी येईना. नवा टेप जुन्याच्या दुरुस्तीइतक्यात मिळायला लागला. मला कुणी सांगितलं, आता तुम्ही घरी बसा. मी घरी बसलो नाही. भंगारातून एक मेलेला कॉम्प्युटर आणला, तो पूर्ण खोलला, परत जोडला, परत खोलला. कमल, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "अहो, त्याला एकदा तरी सुखानं मरू द्या." पण तो उठला. उठला त्या दिवसापासून मी कॉम्प्युटर मेकॅनिक.

इंग्रजी मला येतं का, असं पुष्कळ जण विचारतात. अक्षरं येतात. शब्द मी तोंडावळ्यावरून ओळखतो, जशी आपण गल्लीतली माणसं ओळखतो. नाव माहीत नसलं तरी कोण कुणाच्या घरचा आणि कसल्या स्वभावाचा ते कळतंच की.

धंद्याचा माझा एक नियम आहे, तो रेडिओच्या काळापासूनचा. ग्राहक जी खूण सांगतो ती खरी मानायची. कारण सांगतो ते सोडून द्यायचं. एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, "आमचा रेडिओ दूधवाला आला की रडतो." दुकानात बसलेले सगळे हसले. मी हसलो नाही. त्यांच्या घरी जाऊन बसलो. दूधवाला आला, त्यानं दाराची घंटी दाबली, आणि रेडिओ खरंच रडला. घंटीच्या आत ठिणगी उडत होती, तिची खरखर रेडिओत यायची. घंटी बदलली. दूधवाल्याचा काही दोष नव्हता, आणि बाईही खोटं बोलत नव्हत्या.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. त्या वेळचे कॉम्प्युटर आत्तासारखे टिचकीसरशी उठत नसत. बटन दाबलं की आधी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावायची, मग एक चित्र यायचं. ढग, आभाळ आणि कंपनीचं नाव. ते चित्र बराच वेळ तसंच राहायचं आणि मशीन आतल्या आत आवरासावर करायचं. तेवढ्यात माझा चहा व्हायचा. हे ढगाचं चित्र म्हणजे मशीनमधली एक साधी फाइल. तिच्या जागी त्याच मापाचं, तेवढ्याच रंगांचं दुसरं चित्र त्याच नावानं ठेवलं की ढगांऐवजी ते यायचं. माप चुकलं की मशीन काही न बोलता आपले ढग दाखवायचं. बंद करतानाही तसंच. एक शेवटचं चित्र यायचं, ‘आता बटन दाबायला हरकत नाही’ असं सांगणारं, आणि आपण हातानं बटन दाबेपर्यंत ते हलायचं नाही.

हैदराबादच्या लोकांना हे कळल्यावर काय झालं असेल ते सांगायला नको. आल्या ग्राहकाला देव हवा. कुणाला बालाजी, कुणाला तुळजाभवानी, कुणाला पीरबाबांचा दर्गा. मी सगळे बसवले. कापडाचे व्यापारी गोविंदशेठ यांनी तर उघडताना बालाजी आणि बंद करतानाही बालाजी बसवून घेतला. म्हणाले, "दत्तूभाई, धंदा उसी के नाम से खुलना, उसी के नाम पे बढ़ना." मी बसवला. काही महिन्यांनी बोलावणं आलं की मशीनमधून जळका वास येतोय.

गेलो. बघतो तर मशीन दिवसरात्र चालू. मुनीम हात जोडून उभा.

"रात को बंद क्यों नहीं करते?" मी विचारलं.

"कैसे करूँ साब? स्वामी सामने खड़े हैं. उनके मुँह के सामने बटन दबाऊँ?"

शेठलाही ते पटलेलं. रात्रभर बालाजी पडद्यावर उभा, म्हणून शेवटी पडद्याच्या काचेवर त्याची सावली कायमची उमटली होती. मशीन बंद केलं तरी देव दिसायचाच. हिशेबाच्या आकड्यांमागेही देव. मी पंखा आणि जळलेला भाग बदलला, आणि बंद करतानाच्या चित्रात देवळातला ओढलेला पडदा काढून बसवला, लाल, जरीच्या काठाचा. शेजारती झाल्यावर पुजारी ओढतो तसा. मुनिमानं एकदा डोळे मिटले आणि बटन दाबलं. तेव्हापासून त्या दुकानात कॉम्प्युटर बंद व्हायला लागला. काच मात्र शेठनं बदलू दिली नाही.

पण मला सांगायचंय ते धारूरकर वकिलांचं.

हिमायतनगरात त्यांचं जुनं बसकं घर होतं, पुढं बदामाचं झाड. हायकोर्टात नाव असलेला माणूस, मी गेलो तेव्हा काम सोडून घरी बसलेला. बायको सुमतीबाई वर्षापूर्वी गेल्या होत्या. एकच मुलगा, मिलिंद, अमेरिकेत कॉम्प्युटरच्याच कामाला. आईच्या वर्षश्राद्धाला तो आला होता तेव्हा त्यानं वडलांसाठी कॉम्प्युटर घेऊन ठेवला आणि जायच्या दिवशी ढगांच्या जागी आईचा फोटो बसवला. घरात वकीलसाहेब, आणि सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकाला यादम्मा.

बोलावणं आलं की फोटो येत नाही. गेलो. कॉम्प्युटरवर भरतकामाचं झाकण, कीबोर्डावर नवीन आणला तेव्हा वाहिलेलं असावं असं हळदीकुंकू वाळून गेलेलं. वकीलसाहेब स्वतः शेजारी खुर्ची ओढून बसले.

"दत्तोबा, ही चार दिवस झाले आली नाही."

मी ‘ही’ ऐकलं आणि मशीन लावलं. ढग आले. फाइल बघितली, जागेवर होती. माप बरोबर, रंग बरोबर, नाव बरोबर. एक ओळ असते, तिच्यात आकडा बदलला तर चित्रच येत नाही, तीही ठीक. परत लावलं. परत ढग. असं असलं की माझं डोकं फिरतं. दिवा लागत नाही, फ्यूज ठीक, वायर ठीक, दिवाही ठीक, मग काय राहिलं?

तोवर काहीतरी हाताला लागावं म्हणून मी तोच फोटो आतल्या पडद्यावर बसवून दिला, जो मशीन पूर्ण उठल्यावर मागं दिसतो. सुमतीबाई ऐसपैस दिसायला लागल्या. चांगली गोल मुद्रा, नाकात मोत्यांची नथ, हिरवट शालू, लालभडक कुंकू.

"बघा साहेब, आल्या."

वकीलसाहेबांनी चष्मा पुढं करून बघितलं. मग चष्मा काढून ठेवला.

"ही नव्हे."

"अहो, फोटो तोच आहे."

"फोटो तोच आहे. हिचं कुंकू हलत नाही."

मागं यादम्मा भाजी निवडत होती. तिनं माझ्याकडं बघून हलकेच कपाळाशी बोट फिरवलं. मला तो प्रकार आवडला नाही. रेडिओ दूधवाल्याला रडतो म्हणणाऱ्या बाईंच्या वेळीही लोकांनी असंच बोट फिरवलं होतं.

मी विचारलं, "कसं हलायचं, सांगा बरं."

"दिवाळीत पणतीची ज्योत हलते ना, तसं. कुंकू आणि पदराचे काठ. चेहरा नाही. चेहरा स्थिर." बोलताना त्यांनी टेबलावर बोटानं ती ज्योत काढून दाखवली. "मी स्नान करून येतो, बटन दाबतो, ती येते. तेवढा वेळ मी तिच्याशी बोलतो. मग ती जाते आणि ती निळी चौकट येते, तिच्याशी मला काही घेणं नाही. मी बंद करतो."

तेवढ्यात फोन वाजला. मिलिंदचा. वडलांशी दोन शब्द झाल्यावर त्यानं मेकॅनिकला द्या म्हणून सांगितलं.

"दत्तूकाका, नमस्कार. खरं सांगा, बाबा कसे वाटतात?"

"कसे म्हणजे? चहा दिला, बिस्किटं दिली."

"तसं नाही हो. ते म्हणतात आईचं कुंकू हलतं. चार दिवसांपासून म्हणतात आई आली नाही. यादम्मा सांगते, सकाळी एकटेच बोलत बसतात. मला इथं झोप नाही. तुम्ही या कामातले आहात, मशीन चालू करताना जो फोटो येतो तो हलू शकतो का? तुम्ही नाही म्हणालात तर मी काय ते समजतो."

"काय समजता?"

"दसऱ्याला मी येतोय. डोक्याच्या डॉक्टरांना दाखवून त्यांना इकडं घेऊनच येणार. घर भाड्यानं देऊ. एकट्याला ठेवणं बरोबर नाही."

हॉल लहान, फोनचा आवाज मोठा. वकीलसाहेबांनी सगळं ऐकलं होतं. ते बदामाच्या झाडाकडं बघत बसले होते. कोर्टात समोरच्या वकिलाची फेफे उडवणारा माणूस, स्वतःच्या बाजूनं काय बोलावं हे त्याला सुचत नव्हतं. त्या घरातून त्यांना हलवलं असतं तर काय झालं असतं ते मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

मी फोनवर म्हटलं, "हे बघा, एकटं बोलणं आणि कुंकू हलणं, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. बोलण्याचं मला माहीत नाही. कुंकवाची तक्रार माझ्याकडं आलीय. मशीन पूर्ण बघितल्याशिवाय मी हो म्हणत नाही आणि नाही म्हणत नाही. तुम्ही डॉक्टरांना थोडं थांबवा."

"काका, फोटो हा फोटो असतो."

"तुम्ही शिकलेले आहात. मी बघून सांगतो."

त्याला राग आला असावा. पण चांगल्या घरचा मुलगा, "बरं" म्हणाला.

घरी आलो आणि जेवताना कमलला सांगितलं. तिनं ताटात भात वाढला आणि म्हणाली, "तुम्ही सांगा बघू, मी कुंकू कुठं लावते?"

"कुठं म्हणजे? कपाळावर."

"कपाळावर कुठं?" तिनं पाठ फिरवलेली. "माझ्याकडं न बघता सांगा."

मला सांगता येईना. इतकी वर्षं संसार केला. रेडिओतली एकेक तार मी डोळे मिटून सांगितली असती.

"बाईचं कुंकू एवढं निरखून बघणारा नवरा," ती म्हणाली, "त्याला तुम्ही लोक वेडा ठरवायला निघालात. हौ, वेडाच तो. घ्या, लोणचं घ्या."

दुसऱ्या दिवशी दुकानात एका शाळेचा कॉम्प्युटर आला होता. मी बटन दाबलं आणि सवयीनं चहाला उठलो. मग काय वाटलं कोण जाणे, बसलो. म्हटलं, वकील एवढा वेळ बसून बघतो, आपण कधी बघितलंय का? शेकड्यांनी मशीन उठवली असतील, पण ढग आले की मी गाडीवर चहाला. चेहरा कधी नीट बघितलाच नव्हता.

ढग आले. आणि ढगांच्या खाली एक निळी पट्टी असते. ती पट्टी सरकत होती, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, पाण्यासारखी.

मी चहावाल्याला ओरडून सांगितलं, "अरे मियाँ, चाय नक्को! अभी नक्को!"

सगळ्या जगात सगळ्या मशीनवर ती पट्टी सरकते. लहान मुलालाही दिसते. पण फाइल तर साध्या चित्राची आहे, मी स्वतः हजारदा उघडून बघितलीय, तिच्यात पट्टी गप्प पडलेली असते. म्हणजे चित्र तेच, पण मशीन उठताना त्याचा एक भाग हलतो. पट्टी हलते तर कुंकू का हलू नये? कसं ते मला कळेना. पण हलू शकतं एवढं नक्की झालं. शाळेचा कॉम्प्युटर तसाच उघडा ठेवून मी हिमायतनगरची बस धरली.

आता फोटो का येत नाही एवढंच राहिलं होतं. वकीलसाहेबांनी दार उघडलं, दोन दिवसांची दाढी वाढलेली. मी म्हटलं, "साहेब, कोर्टातल्यासारखं विचारतो. फोटो येत होता तो शेवटचा दिवस, आणि न येण्याचा पहिला दिवस, यांच्या मधे या घरात कोण आलं होतं?"

त्यांना हे आवडलं. खुर्चीत ताठ झाले. "कुणी नाही. यादम्मा. पोस्टमन. आणि हां, ते कॉम्प्युटर क्लासवाले गृहस्थ. मला मराठीत टाइप करायचं होतं, त्याचा कार्यक्रम त्यांनी घालून दिला. मशीनमधे जागा नव्हती म्हणाले. मग त्यांनी जागा वाढवून दिली."

"जागा वाढवली? नवीन डिस्क बसवली?"

"नाही. आहे त्यातच. दुप्पट केली म्हणाले."

बस, सापडलं. तुम्हाला सोपं करून सांगतो. त्या वेळी डिस्क लहान असायच्या. एक युक्ती होती, सगळ्या फाइली दाबून दाबून भरायची, जसं आपण प्रवासाला निघताना गादी, चादरी, कपडे सगळं होल्डॉलमध्ये गुंडाळून पट्टे आवळतो. खोली मोकळी दिसते. पण मशीन सकाळी उठल्या उठल्या होल्डॉल सोडायला जात नाही. आधी बाहेर खुंटीवर काय टांगलंय ते बघतं, ढगाचं चित्र तिथंच शोधतं. आणि सुमतीबाईंचा फोटो होल्डॉलमध्ये. मी आदल्या दिवशी फाइल बघितली ती होल्डॉलमधली. जागेवर होती, बरोबर होती, आणि मशीनला दिसत नव्हती. खुंटीची जागा वेगळी असते, मशीनमधलं तिच्या नावाचं अक्षरही वेगळं, आणि ती सहसा झाकलेली असते. मी ती उघडली. फोटोची फाइल जशीच्या तशी, एक ठिपका न बदलता, तिथं नेऊन ठेवली.

वकीलसाहेबांना म्हटलं, "बटन तुम्ही दाबा."

ते आत गेले. मला वाटलं चष्मा आणायला. पण चेहरा धुऊन, दुसरा सदरा घालून आले. खुर्चीत बसले आणि बटन दाबलं.

काळा पडदा, पांढरी अक्षरं. खोटं का बोलू, मनातून मलाही भीती होती. फोटो येईल याची खात्री होती, कुंकवाची नव्हती. फोटो आला आणि गप्प बसला असता तर या माणसाला मी स्वतःच्या हातानं विमानात बसवलं असतं.

सुमतीबाई आल्या.

आधी काही नाही. मग कुंकू हललं. लाल, मग गडद लाल, मग केशरी, परत लाल. ज्योतीसारखं, त्यांनी सांगितलं होतं अगदी तसं. पदराच्या काठावरून तीच लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं जात होती. चेहरा स्थिर. मला क्षणभर वाटलं या बाई आता विचारणार, कोण हो तुम्ही?

"आलीस?" वकीलसाहेब म्हणाले. "ये. हे दत्तोबा. यांनी आणलं तुला."

मी नमस्कार केला. काय करणार? ओळख करून दिली तर.

यादम्मा दारात येऊन उभी होती. तिनं बघितलं, तोंडावर पदर घेतला आणि म्हणाली, "अय्यो! सच्ची में हिलता ना साब!"

"मग? मी काय सांगत होतो?" वकीलसाहेब तिच्यावर असे गरजले की बदामाच्या झाडावरची पाखरं उडाली असतील. एवढा आवाज त्या माणसात शिल्लक होता.

मिलिंदला आम्हीच फोन लावला. तिकडं रात्र होती, पण लावला. मी म्हटलं, "हलतं."

"काय?"

"कुंकू. मी बघितलं. यादम्मानं बघितलं. साहेब तर बघतच होते. मला एक सांगा, ढगांच्या खालची निळी पट्टी सरकते ना?"

तो म्हणाला, "पॅलेट. अरे देवा." आणि हसायला लागला. जरा वेळानं त्यानं समजावलं, आणि मला ते पटलं. चित्रातल्या रंगांची एक रांग असते, तिलाच पॅलेट म्हणतात. मशीन उठताना त्या रांगेतले शेवटचे काही रंग गोल गोल फिरवतं, म्हणून पट्टी सरकल्यासारखी दिसते. त्यानं ढगांच्या चित्रावरच आईचा फोटो चिकटवला, तेव्हा रांग नव्यानं लागली आणि सगळे लाल रंग नेमके त्या फिरणाऱ्या जागांवर जाऊन बसले. कुंकवाचे आणि काठाचे.

"पण तुम्ही स्वतः बसवला होता ना? तेव्हा बघितलं नाही?"

"काका, बाहेर टॅक्सी हॉर्न मारत होती. मी फाइल ठेवली, मशीन बंद केलं आणि बाबांना सांगितलं, उद्या सकाळी चालू करा, गंमत आहे. मी तो आलेला बघितलाच नाही. एकदाही नाही." मग म्हणाला, "हे दुरुस्त करता येईल. मी सांगतो कसं. तो रंग फिरणं बंद करायचं—"

मी म्हटलं, "हात लावायचा नाही."

वकीलसाहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "मिलिंद, दसऱ्याचं तिकीट तुझं आहे ना? ये. डॉक्टरांकडं जाऊ, ब्लडप्रेशर तपासून घेऊ. मग सकाळी सहाला ऊठ आणि माझ्याशेजारी ही खुर्ची घेऊन बस. आईला बघ. त्यानंतर मला कुठं न्यायचं ते बोल." तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पण त्यांनी फोन ठेवला तेव्हा बदामाच्या झाडाकडं बघितलं नाही, यादम्माला म्हणाले, "दत्तोबांना जेवायला वाढ."

मिलिंद आला. बसला त्या खुर्चीवर. एकटाच परत गेला. ते मशीन मी पुढं बरीच वर्षं जिवंत ठेवलं. सुटे भाग मिळेनात तेव्हा जुनी मेलेली मशीन विकत घेऊन त्यांचे अवयव त्याला घातले. मिलिंदनं नवा कॉम्प्युटर पाठवला होता, तो खोक्यात पडून राहिला. नवीन मशीनवर रंगांची अशी रांग नसते, फोटो येतो आणि नुसता बघत राहतो. साहेब गेल्यावर ते मशीन मला हवं होतं. मागितलं नाही. मागायला हवं होतं असं अजून वाटतं.

पण मला ज्या दिवसाचं सांगायचंय तो, कुंकू परत आलं तो दिवस. संध्याकाळी घरी गेलो आणि कमलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बघा." आणि कुकर लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. शाळेचा कॉम्प्युटर तिथं उघडाच पडलेला. कमलला म्हटलं, चांगलं लुगडं नेस, आबिड्सला जायचंय.

"कशाला?"

"फोटो काढायला. तुझा एकटीचा."

"अगं बाई! मेल्यावर भिंतीला लावायला?"

"नाही. कॉम्प्युटर चालू करताना लावायला."

तिनं मला वेड लागलं का अशा नजरेनं बघितलं, पण लुगडं बदललं. स्टुडिओवाल्यानं तिला स्टुलावर बसवलं, दिवे लावले, मान जरा वर, जरा इकडं. तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. ती कुंकू बरोबर मधोमध लावत नाही. डाव्या भुवईकडं किंचित सरकलेलं असतं. स्टुडिओवाल्याच्याही ते लक्षात आलं. तो आरसा घेऊन आला आणि म्हणाला, "अम्मा, बिंदी थोड़ी बीच में कर लो."

मी म्हटलं, "नक्को. जिथं आहे तिथंच राहू दे."